नुसती लवंग

वास आला की भूत शोधायचं नाही, बूच शोधायचं, असं माझे सासरे म्हणायचे. अर्कांच्या दुकानात संसार करायचा तर हे वाक्य उशाशी घेऊनच झोपावं लागतं. जिन्यात उभं राहावं तर कुठूनसा पुदिना येतो, अंथरूण घालावं तर गुलाब येतो, आणि नवीन माणसाला वाटतं की घरात कोणीतरी वावरतंय. कोणी वावरत नसतं. मागच्या खोलीतल्या फडताळात कुठलं तरी बूच सैल राहिलेलं असतं. ते दाबलं की झालं.

म्हणून सासरे गेल्यावर सासूबाईंनी मागच्या खोलीतून पहिल्यांदा हाक मारली, "ये गं, बघ, हे आले," तेव्हा मी सरळ फडताळ उघडलं आणि लवंगेच्या बाटलीचं बूच दाबून पाहिलं. घट्ट होतं. शेजारच्या बाटल्यांचीही घट्ट होती.

"मला काही वास येत नाही," मी म्हणाले.

"तुला कसा येईल?" त्या म्हणाल्या. सासऱ्यांच्या कामाच्या टेबलाजवळ डोळे मिटून उभ्या होत्या, आणि चेहरा असा की दारात टांगा थांबलाय आणि कोणीतरी उतरतंय.

माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे. "आई, लवंग असती तर सगळ्यांनाच आली असती," मी म्हणाले, आणि बाळ रडत होतं म्हणून निघून आले. आता वाटतं, जरा थांबले असते तर काय बिघडलं असतं?

सासऱ्यांचा वास लवंगेचा होता हे मात्र खरं. त्यांची एक दाढ किडलेली होती आणि ती उपटून घ्यायला ते लहान मुलासारखे घाबरायचे. दिवसभर लवंगेच्या अर्कात बुडवलेला कापसाचा बोळा दाढेत धरून बसायचे. गिऱ्हाइकाला बजावायचे, "नुसती लवंग हिरडीला लावू नका हो, भाजून निघेल," आणि हे बजावताना स्वतःच्या गालात बोळा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

इतर बाबतींत मात्र त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. बाटलीतल्या वस्तूला कोणी 'तेल' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "तेल म्हटलं की माणूस ते डोक्यावर ओततो," म्हणायचे, "अर्क म्हणा. अर्क म्हटलं की हात आपोआप आखडतो." लिंबाचा अर्क अंगाला लावून उन्हात जाऊ नका, कातडी काळवंडते. पाण्यात घालून पिऊ नका, पाण्यात तो विरघळत नाही, घशात जसाच्या तसा चिकटतो. चुकून कोणी प्यालंच तर ओकायला लावू नका, सरळ दवाखाना गाठा. घरात मांजर असेल तर खोलीत अर्काची धुरी करू नका, तिच्या शरीराला तो पचत नाही. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाजवळ निलगिरी आणि पुदिना न्यायचाच नाही, श्वास कोंडतो. एक बाई एकदा म्हणाल्या, "अहो, पण हे नैसर्गिक आहे ना?" तर सासरे म्हणाले, "बाई, विंचूही नैसर्गिकच आहे."

मलाही ते अर्कच म्हणायचे. "आमची सूनबाई म्हणजे अर्क आहे," पाहुण्यांना सांगायचे, "चांगली आहे, पण पातळ करून घ्यावी लागते." मी रागावल्याचं सोंग करायची. आतून मला ते फार आवडायचं.

मागच्या खोलीतल्या मोठ्या बाटल्या सगळ्या एकसारख्या, तपकिरी काचेच्या. त्यांना लेबलं नव्हती, कारण अर्काचा एक ओघळ आला की शाई पसरते आणि कागद सुटतो. ओळखायचं ते नाकाने. फक्त एक खूण सासऱ्यांनी ठेवली होती. बदामाचं आणि तिळाचं साधं तेल, ज्यात अर्क पातळ करतात आणि जे नुसतं अंगाला चालतं, त्या बाटल्यांच्या बुचावर कापडाचं छोटं टोपडं बांधलेलं असायचं, नाडीसकट. माझा नवरा तान्हा असताना त्याच्या जुन्या टोपड्यांचीच ती केली होती. "टोपडं घातलंय ती बाळाची, उघड्या डोक्याची ती मोठ्यांची," एवढाच नियम. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नाही.

मग घरात साथीचा ताप आला. आधी सासूबाई पडल्या, मग सासरे. सासूबाई उठल्या तेव्हा सासरे गेलेले होते. त्या पलंगावर उठून बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लवंगेचा वास येतोय, म्हणजे घरातच आहेत." मला त्यांना सांगावं लागलं. सांगून झाल्यावरही त्या म्हणाल्या, "पण वास येतोय ना."

तेव्हापासून ते येतच राहिले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की यायचे. कपाट उघडलं की यायचे. सासूबाई हातातलं काम टाकून थांबायच्या, आणि आल्या माणसाला पाणी विचारावं तसं काहीबाही हळू बोलायच्या. "आज उशीर केलात," किंवा "कोट घातलाय का? बाहेर गार आहे." मी दुकानातून ऐकायची आणि अंगावर काटा यायचा. नंतर नंतर मी त्या खोलीत एकटी जायची टाळू लागले. गेलेच तर आधी बुचं दाबायची, सगळी, एकेक. घट्ट असायची. मला काही यायचं नाही. पण न येणाऱ्या वासाचीही भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

बाकी सासूबाईंचं लक्ष उडालं होतं. नासलेलं दूध माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं. एकदा भाजी जळून भांड्याला चिकटली आणि त्या शेजारीच बसून शांतपणे शिवत होत्या. आम्ही दोघं म्हणायचो, दुःख आहे, चालायचंच. नवरा गावोगाव बाटल्या पोचवायला जायचा, तो घरी असायचा कमी आणि बोलायचा त्याहून कमी. मी कुरकुर करायची आणि भांडं घासायची. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. नाकावर पोट भरणारं घर, आणि एक नाक बंद पडलेलं कोणाला कळू नये!

ती टोपडी तेलकट होऊन कळकट झाली होती. मीच ती काढून धुतली, आणि हात लागलाच आहे तर फडताळही पुसून घेतलं. बाटल्या खाली काढल्या, परत ठेवल्या. वाळलेली टोपडी घेऊन मी बांधायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे, मी बांधते. तू दुकान बघ." आयुष्यभर त्यांनीच बांधली होती, बूच उघडून, हुंगून. मी दिली.

दुसऱ्या दिवशी बाळाला मालिश करायची म्हणून त्या त्याला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं, थंडी होती. मी दुकानात एका गृहस्थांना समजावत होते की सांधेदुखीला जास्त अर्क घातला म्हणून जास्त लवकर बरं वाटत नाही, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला पातळ केलेला एक थेंब लावून दिवसभर बघा. ते माझ्याशी वाद घालत होते. इतक्यात आतून हाक आली.

"ये गं, बघ. आज फारच जवळ आलेत. माझ्या डोळ्यांना धार लागलीय बघ."

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. 'आले तर बसवा त्यांना, माझं गिऱ्हाईक जातंय,' असं ओठावर आलं होतं. पण हाक थांबेना, म्हणून पाय आपटत गेले आणि दार उघडलं.

निलगिरी! भिंतीसारखी अंगावर आली. सासूबाई पाटावर बसलेल्या, मांडीवर बाळ उघडं, समोर गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवलेली, आणि बाजूला टोपडं घातलेली बाटली. त्यांचा एक हात वाटीत बुडवून वर उचललेला, तसाच हवेत थांबला होता, कारण ते आले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. बाळ तोंड उघडून एक विचित्र, लहान खोकला काढत होतं.

मी बाळ उचललं आणि धावत बाहेर मोकळ्या हवेत आले. त्याच्या पायावर दोन ओघळ पडले होते. पाण्याने धुवायला धावायचं नाही, आधी साध्या तेलाने टिपून घ्यायचं, मग साबण लावायचा, हे सासऱ्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं, आणि बरं झालं घोकून घेतलं, कारण तेव्हा माझं डोकं चालत नव्हतं, नुसते हात चालत होते. गृहस्थ वाद विसरले आणि त्यांनीच आम्हाला दवाखान्यात नेलं. बाळाला तिथे संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. श्वास नीट चालला, छाती मोकळी राहिली, पायावर तेवढी लाली उमटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो हात छातीवर फिरला असता, तोंडाशी गेला असता, तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं."

घरी आलो तर सासूबाई त्याच पाटावर बसलेल्या. वाटी त्यांनी बाहेर नेऊन ठेवली होती. हात घासून घासून लाल केले होते.

"तुम्हाला निलगिरी आली नाही?" मी ओरडलेच. "एवढी निलगिरी!"

"मला काहीच येत नाही," त्या म्हणाल्या. "तापापासून नाही येत. दूध नाही, फूल नाही, बाळाचं डोकंसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "फक्त हे येतात."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि माझ्या बाबतीत राग नेहमी पुढे असतो. "नाक परत येईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही," मी म्हणाले. नवरा दारात उभा होता. दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्याला सवय आहे, पण त्या दिवशी तो माझ्या बाजूने गप्प राहिला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं. तापाने वासाच्या नसा दुखावल्यात म्हणाले. नाक रिकामं राहिलं की मेंदू कधीकधी आपल्या पदरचा वास पुरवतो. औषध एकच, नाकाला पुन्हा शाळेत घालायचं. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग, चार झाकणाच्या डब्यांत कापसावर दोन-दोन थेंब टाकायचे, सकाळ-संध्याकाळ एकेक डबी नाकापासून थोडी दूर धरून हुंगायची, आणि तो वास कसा होता ते आठवत राहायचं. "तुमच्या तर घरचंच आहे सगळं," ते हसून म्हणाले.

"आणि यांचा वास?" सासूबाईंनी विचारलं.

"तो खोटा वास, आजी. खरे वास परत येतील तसा तो जाईल. गेला की बरं व्हायला लागलात असं समजा."

घराच्या पायरीवर म्हणाल्या, "खोटा म्हणाला." आणि आत गेल्या.

मी चार डब्या भरून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि उघडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "घर कोण रिकामं करून देतं, सांग?" मला कळत होतं त्या काय म्हणतायत. म्हणूनच मी आणखी चिडायची. बाळ मी कमरेवर घेऊन दुकान चालवायची, पाठ मोडायची, पण त्यांच्याकडे द्यायची नाही. मागच्या खोलीतून त्यांचं हळू बोलणं ऐकू यायचं. "रागावलीय. येईल ताळ्यावर," त्या त्यांना सांगत असायच्या.

बाळ तेव्हा नुकतं रांगू लागलं होतं. एके सकाळी मी गिऱ्हाइकात असताना ते रांगत मागच्या खोलीत गेलं. मी मागोमाग धावले आणि दारातच थबकले. बाळ सासूबाईंच्या साडीला धरून उभं राहायला बघत होतं, हात वर करून घे म्हणत होतं. आणि त्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, भिंतीला टेकून उभ्या होत्या. "नको रे," म्हणत होत्या, "नको रे राजा, आई रागावेल." मला माझीच लाज वाटली. मी बाळ उचललं, तरी दिलं नाही. हेही सांगून टाकते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पहिली डबी उघडली.

आधी बरेच दिवस काही नव्हतं. मग एकदा लिंबाच्या डबीवर म्हणाल्या, "काहीतरी आंबट चाललंय लांबून." मग निलगिरी आली, नाक टोचत आली, आणि त्यांनी डबी अशी फेकली की बाळ दचकलं. गुलाब आला तेव्हा त्या बाळाच्या डोक्याजवळ वाकल्या, माझ्याकडे पाहून, आणि दीर्घ श्वास घेतला. मी बाळ मागे ओढलं नाही.

आणि ते कमी येऊ लागले. आधी दुकानात यायचे बंद झाले, मग जिन्यात. मग फक्त टेबलापाशी. मग नुसते कपाटातल्या त्यांच्या कोटाच्या बाहीत, तिथे त्या नाक खुपसून उभ्या राहायच्या. एक दिवस तिथूनही हात हलवत परत आल्या आणि टेबलाशी बसून लवंगेची डबी उघडली.

"ही लवंग आहे?"

"हो."

"त्यांच्याच बाटलीतली?"

"हो, आई."

त्यांनी पुन्हा हुंगली. वेळ घेऊन, डोळे मिटून हुंगली. मग झाकण लावलं.

"ही नुसती लवंग आहे," त्या म्हणाल्या.

मी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बदामाचं तेल हुंगून वाटीत घेतलं आणि मालिश केली, आणि सगळा वेळ रडत होत्या, आणि खोलीत निलगिरीचा थेंबही नव्हता. नाक परत आल्यावरच बाळ, असं मी म्हणाले होते, तसंच झालं होतं. मला कोणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती खोली शांत झाली. मी बुचं दाबायचं सोडून दिलं. हाक मारायला तिथे कोणी उरलं नव्हतं. सासूबाई दुकानात बसू लागल्या, गिऱ्हाइकांना नियम सांगू लागल्या, विंचवाचा विनोदसुद्धा करू लागल्या, पण त्यांच्या तोंडी तो हसू आणायचा नाही.

थंडी संपता संपता मला ताप आला. पाठदुखी, कणकण, नेहमीचंच. सासूबाईंनी बाळाला माझ्यापासून लांब ठेवलं आणि माझं सगळं केलं. ताप उतरला तशी मी उठले, अंघोळ केली, बाळ कमरेवर घेतलं, त्याचं दूध गॅसवर चढवलं आणि सहज मागच्या खोलीत डोकावले.

लवंग.

आधी मी फडताळाकडेच गेले, सवयीने. बाटल्यांची सगळी बुचं एका हाताने दाबून पाहिली. घट्ट. डब्या पाहिल्या. बंद. वास टेबलापाशी होता, आणि ती नुसती लवंग नव्हती. तिच्यात जुन्या लोकरी कोटाची ऊब होती, ओल्या कापसाचा बोळा होता, आणि असं काहीतरी होतं की माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बाबा?" भीती वाटत होती आणि तिथून निघवत नव्हतं. सासूबाईंना इतके दिवस खोटं पाडलं होतं मी.

"आई!" मी ओरडले. "लवकर या! बघा, आले! खरंच आलेत!"

सासूबाई धावत आल्या, दारात थांबल्या, आणि त्यांनी नाक वर केलं. चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते मी विसरणार नाही. मग ते विझलं. त्यांनी मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बाळ इकडे दे," त्या म्हणाल्या.

"आधी आत या ना, इथे टेबलापाशी..."

"बाळ दे आधी. दूध करपून कोळसा झालंय. घरभर वास मारतोय."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात निळसर धूर तरंगत होता. मी जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला. लवंगेशिवाय काही आलं नाही.

त्यांनी बाळ माझ्या कमरेवरून काढून घेतलं. गॅस बंद केल्याचा, खिडक्या उघडल्याचा आवाज आला. मी तिथेच उभी होते. वाटलं आता बोलतील, त्यांना बोलायचा हक्क होता. पण त्या बाळाला खांद्यावर टाकून परत आल्या आणि माझ्या शेजारी, टेबलाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अजून आहेत?"

"आहेत," मी म्हणाले. मला रडू फुटलं.

"उद्यापासून डब्या हुंगायच्या," त्या म्हणाल्या. "मी भरून ठेवते. बाळ तोवर माझ्याकडे." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला जरा पुढे, टेबलाकडे सरकवलं.

"आज राहू दे. विचार त्यांना, दाढ दुखते का अजून."